प्रतीकची खोली रिकामी आहे

१ जून १९९८, सोमवार. सकाळी ६.४०

संकल्प: आजपासून मी कोणाचाही वंश पाहणार नाही.

कारण नोंदवून ठेवतो. काल पुण्याच्या पेपरसाठी 'सिंगापूरचे पत्र' फॅक्स करण्याआधी सहज वाचून पाहिले. दोन पानांत 'चिनी' एकोणीस वेळा, 'तमिळ' अकरा, 'मलय' आठ. 'मनुष्य' एकदाच, तोही मनुष्यबळ खात्याच्या नावात. लाज वाटली. अंधारात दोरीला साप समजून पळणारा आणि दिवा आणल्यावर हसणारा, हा दृष्टान्त मी पंधरा वर्षे मुलांना शिकवला. वंश म्हणजे तीच दोरी. पाहणे सोडले की साप संपला.

चहाच्या वेळी आशाला सांगितले. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फार्मसीत आहे, त्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीचे साइड इफेक्ट आधी दिसतात. म्हणाली, "आणि सापच असला तर?"

हिला दृष्टान्त कळत नाहीत.

दारावरची पितळी पाटी चिंचेने घासली. (दर सोमवारी.) पाटी पुण्याहून आणलेली. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, खाली एम. ए. संस्कृत. आमच्या आठव्या मजल्यावर अशी दुसरी नाही.

२ जून, मंगळवार

पहिला दिवस बरा गेला. लिफ्टमध्ये शेजारी भेटले. कोण भेटले म्हणून आशाने विचारले. वंश न सांगता वर्णन करायचे होते. म्हणालो, पाचव्या मजल्यावरचे, उंच, हसतमुख. तिला कळेना. ईदला डबा पाठवतात ते का, असे तिने विचारले. मी म्हणालो, डब्याचे मला काही आठवत नाही. (आठवते. अननसाची टार्ट होती. उत्तम.) ईशा आतून ओरडली, बाबा, जस्ट से मिस्टर रहमान लाह. (लाह हे इथल्या बोलण्याचे शेपूट.) पण नावावरून वंश कळतो. घेतले नाही.

दुपारी लायब्ररी. ओळखपत्र मागितले. त्यावर वंशाची एक ओळ छापलेली असते, तिच्यावर अंगठा ठेवून कार्ड पुढे केले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अंगठा काढा. मी त्यामागचे तत्त्व समजावून सांगू लागलो. अंगठ्याखाली जन्मतारीखही गेली होती. मागे रांग वाढली. शेवटी सरकवला.

पुढच्या वेळी करंगळी वापरावी.

५ जून, शुक्रवार

आमच्या पेपरचे संपादक शैलेंद्र यांची चिठ्ठी घेऊन एक तरुण आला. प्रसन्न. वय एकतीस, इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. पाण्यातले जड धातू काढण्याचे काम. सावळा, काटक. (सावळा खोडणे.)

बेल वाजवली तरी आत यायला वेळ लावला. पाटी वाचत उभा होता. आवडली असावी.

अडचण अशी: युनिव्हर्सिटीचे गेस्ट हाऊस तीस जूनपर्यंतच. बायको कस्तुरी अमरावतीला शाळेत शिकवते. लग्नाला दोन वर्षे झाली, त्यातले एकत्र काढलेले महिने सात. तिचे तिकीट बारा जुलैचे आहे. तोवर दोघांपुरती खोली मिळाली तर ती येणार, नाही तर तिकीट रद्द, आणि शाळा पुन्हा अशी रजा देणार नाही.

मी म्हणालो, एवढेच? मंदी चालू आहे, पेपरात खोल्यांच्या जाहिरातींची पानेच्या पाने आहेत. दहा दिवसांत खोली मिळवून देतो. शब्द दिला. आशाने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही.

नाव सांगताना तो प्रसन्न मनोहर एवढेच म्हणाला. चिठ्ठीतही तेवढेच. मनोहर वडिलांचे. आडनाव त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. महिन्यापूर्वीचा मी असतो तर चहा गाळायच्या आत विचारून मोकळा झालो असतो. संकल्पाला पाचव्या दिवशी फळ.

(मनोहर हे आडनावही असते. तसे असेल तर आपल्यातलाच. पण बोलण्यात तसे वाटले नाही. असो.)

७ जून, रविवार

जेवायला प्रसन्न. नंतर डावपेचांची बैठक.

आशाचे म्हणणे, फोनवर आधीच सांगून टाकावे की आम्ही इंडियन, नवराबायको. ज्याला नको असेल तो फोनवरच नको म्हणेल, दारात जाऊन तोंड पाडून परत यायला नको. माझे म्हणणे, आपणच सांगितले तर भिंत आपणच बांधली. फोनवर फक्त युनिव्हर्सिटी सांगावी. दारात गेल्यावर माणूस माणसाला पाहतो. ईशा म्हणाली, एक्झॅक्टली, बाबा, दे विल सी. पंधरा वर्षांच्या मुलांना प्रत्येक वाक्यात खोच दिसते.

प्रसन्न म्हणाला, काका, तुम्ही इथे नऊ वर्षे आहात, तुम्ही म्हणाल तसे.

जबाबदारीची जाणीव झाली. सुखद होती.

१० जून, बुधवार

बुकित तिमाह. कॉन्डो. मी बरोबर गेलो. फोनवर बाईंचा आवाज मधासारखा होता. त्यांनी आतले दार उघडले, प्रसन्नकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बाहेरचे जाळीचे दार तसेच ठेवून म्हणाल्या की खोली दहा मिनिटांपूर्वीच गेली. फार वाईट वाटल्याचे त्यांनी दोनदा सांगितले.

दहा मिनिटे! बसस्टॉपवर मी प्रसन्नला पाणिनीच्या लाघवाबद्दल सांगत होतो, त्यात एक बस गेली होती.

धडा: लवकर निघावे.

१३ जून, शनिवार

आठवड्यात आणखी पाच घरे झाली. कारणे अशी: सासूबाई राहायला येणार. खोलीला रंग द्यायचा. नळ गळतो. एकीकडे 'माय हसबंड डोन्ट वॉन्ट', काय डोन्ट वॉन्ट ते सांगितले नाही.

पाचव्या घरी मालक हिंदीत बोलले. कोणत्या वंशाचे ते मला ठाऊक नाही, पण दारात तोरण होते. त्यांनी प्रसन्नला आत घेतले, पाणी दिले, पूरा नाम विचारले. त्याने सांगितले. मी तेव्हा बाहेर चपला काढत होतो, ऐकू आले नाही. मग त्यांना आठवले की त्यांचा पुतण्या येणार आहे.

यावरून उलट सिद्धच होते. इंडियन माणसानेही इंडियन माणसाला खोली दिली नाही, म्हणजे वंशाचा यात काही संबंध नाही. एका आठवड्यात इतक्या सासवा, पुतणे आणि नळ, याला योगायोग म्हणतात.

प्रसन्नला हे समजावून सांगितले. तो हो म्हणाला. त्याच्या बुटाचा तळ सुटला आहे.

१५ जून, सोमवार

पाटी घासली.

ईशाला सुट्टीत नको ते उद्योग सुचतात. प्रसन्न एखाद्या घरून परत आला की अर्ध्या तासाने ती त्याच नंबरला फोन लावते आणि मैत्रिणींशी बोलते तशा सुरात विचारते, हलो आंटी, द रूम स्टिल हॅव ऑर नॉट? कालचे धरून सात घरांपैकी सहा घरांनी तिला सांगितले, हॅव, हॅव, कम अँड सी. म्हणजे सासू आलेली नाही आणि नळही गळत नाही.

हे सगळे तिने एका कागदावर मांडले आहे. तीन रकाने: पत्ता, दारात काय सांगितले, नंतर फोनवर काय सांगितले. कागद फ्रिजवर, मर्लायनच्या (सिंहाचे तोंड, माशाचे धड, हे इथले चिन्ह) मॅग्नेटखाली.

मी म्हणालो, मोजले की अशा गोष्टी वाढतात. तिने विचारले, "नॉट काउंट, देन हाऊ? डिसअपिअर अह?"

तो कागद मी वाचणार नाही असे घरात जाहीर केले. फ्रिज उघडताना डोळे मिटतो. आज दुधाऐवजी ताक हाताला आले. चहा वाया गेला, पण तत्त्व टिकले.

१८ जून, गुरुवार

संकल्पाची खरी कसोटी आज लागली.

सेरंगूनमध्येच, आमच्यापासून दोन स्टॉपवर एक खोली. प्रसन्नने निरोपासाठी आमचा नंबर दिला होता, फोन मी घेतला. मॅडम गोह. वयस्कर आवाज. खोली मोठी आहे, दोघांना पुरेल, स्वयंपाक करायला हरकत नाही, असे सगळे छान चालले होते. मग त्यांनी विचारले, वॉट रेस?

अठरा दिवसांची साधना! म्हणालो, मॅडम, ही इज अ ह्यूमन बीइंग. त्या म्हणाल्या, यस, यस, बट वॉट रेस? मी पुन्हा तेच सांगितले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी समदृष्टी या विषयावर जे बोललो ते लिहून घ्यायला हवे होते. सात-आठ मिनिटे सहज झाली असतील. पलीकडे टीव्ही ऐकू येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, नेव्हर माइंड लाह, आणि फोन ठेवला.

प्रसन्न समोर बसला होता. म्हणाला, काका, सांगितले असते तरी चालले असते.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जिथे वंश विचारून खोली देतात तिथे राहण्यात कसला आनंद? त्याला पटले असावे. चहा न घेता गेला.

२२ जून, सोमवार

पाटी घासली.

आशाने विषय काढला. प्रतीकची खोली रिकामी आहे. आमचे चिरंजीव मरीन इंजिनिअर, सध्या ब्राझीलच्या वाटेवर, डिसेंबरच्या आत घरी येत नाहीत. प्रसन्न-कस्तुरीला ती द्यावी.

हे मलाच कसे सुचले नाही? तत्त्वतः मान्य करून टाकले. तत्त्वतः म्हणजे कधी, असे तिने विचारले. म्हणालो, तीस तारखेला सामान घेऊन येऊ दे. आदर्श घालून द्यायचा तर आपल्या घरापासून. पुढच्या पत्राचा विषयही मिळाला. मथळा सुचला: 'वसुधा आणि कुटुंब'.

संध्याकाळी प्रसन्न आला तेव्हा ईशाने प्रतीकची फुटबॉलची पोस्टर्स काढून ठेवली होती. हा मुलगा हसतो तेव्हा वेगळाच दिसतो, आज पहिल्यांदा कळले. आमच्या फोनवरून त्याने अमरावतीला फोन केला. आम्ही सगळे ऐकत नसल्यासारखे बसलो होतो. तो सांगत होता, "हो, खिडकी आहे. झाड दिसतं. अगं, कसलं ते नाही माहीत, तू आल्यावर सांग."

आशाने पदराने डोळे टिपले. मला फार समाधान वाटले. आपण चांगले आहोत हे कधी कधी एकदम कळते.

२४ जून, बुधवार

टपाल. कस्तुरीचे पत्र आले, प्रसन्नच्या नावे, आमच्या पत्त्यावर. (गेस्ट हाऊस सुटणार म्हणून त्याने तो आधीच कळवला होता.) आशाने टीपॉयवर उपडे ठेवले होते. टपाल सुलटे ठेवावे या विचाराने सुलटे केले. बायकोने नवऱ्याचे पूर्ण नाव घातले आहे.

आडनाव इथे लिहीत नाही, कारण आडनावाला मी महत्त्व देत नाही.

२५ जून, गुरुवार

प्रतीकच्या खोलीची पाहणी केली. नऊ वर्षांत एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या खोलीची पूर्वेची भिंत म्हणजे देवघराची भिंत. सकाळी साडेपाचला माझी पूजा, घंटा वाजते. पाहुण्यांची झोपमोड. मला त्यांचीच काळजी.

शिवाय प्रतीक आधीच आला तर त्याने कुठे जावे? शिवाय नव्या जोडप्याला एकान्त हवा. शिवाय घरात वयात येणारी मुलगी आहे. शिवाय स्वयंपाकघर लहान, दोघींचे हात एकमेकींना लागणार.

पाच कारणे झाली. एक पुरले असते.

आशाला सांगितले. ती गोळ्यांची पाकिटे लावत होती. म्हणाली, "अहो, परवापर्यंत ती भिंत कुठे होती?"

मी म्हणालो, जातपात मानणाऱ्यांतला मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली की जातीचे नाव तिने काढलेलेच नाही.

२७ जून, शनिवार

प्रसन्नला सांगितले. देवघर, घंटा, झोपमोड. त्याने सगळे ऐकून घेतले. मग टीपॉयवरचे पत्र उचलले. तीन दिवस ते सुलटेच होते. पाकिटावरचे नाव त्याने वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "बाकीच्यांनी तोंड बघून सांगितलं, काका. तुम्ही वाचून."

आवाज चढवला नाही. चपला घालताना काकूंना नमस्कार सांगा म्हणाला. आशा चार पावलांवर स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही.

त्याचा अर्थ काय असावा? शिकलेल्या माणसांच्या मनातही न्यूनगंड किती खोल असतो! यावर एक पत्र लिहिले पाहिजे. नाव अर्थातच बदलून.

१ जुलै, बुधवार

प्रसन्न क्लेमेंटीला गेला. पाच विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये एक गादी मिळाली. सोय झाली म्हणायची.

'वसुधा आणि कुटुंब' फॅक्स केले. सिंगापूरमध्ये वंश न पाहण्याचे प्रयोग यशस्वी होत आहेत, असा सूर ठेवला आहे. उदाहरण दिलेले नाही. जागा पुरली नाही.

४ जुलै, शनिवार

आशाच्या फार्मसीत कोइमतूरची एक मुलगी आहे. ती आणि तिचा नवरा नव्या जागेत राहायला गेली. आशा त्यांच्याकडे पेढे देऊन आली. जागा सेरंगूनमध्ये, आमच्यापासून दोन स्टॉपवर. घरमालकीण मॅडम गोह.

ही बाई करुणेच्या देवीची भक्त. चाळीस वर्षांत तिच्या चुलीवर बीफ चढलेले नाही. भाडेकरूनेही चढवू नये, म्हणून ती मुद्दाम इंडियन माणसे शोधत होती. त्यासाठीच फोनवर पहिला प्रश्न तो. मधे कोणाशी तरी बोलणे जमत आले होते म्हणे, पण तो माणूस वंश सांगेचना, ह्यूमन, ह्यूमन करत राहिला. तिला वाटले, कुठल्या तरी पंथाचा प्रचारक.

आशाने हे भेंडी चिरता चिरता सांगितले. मान वर केली नाही.

मी म्हणालो, बघ, म्हणजे तिनेही वंश पाहिलाच.

"हो," आशा म्हणाली. "आणि खोली दिली."

भेंडी चिकट झाली होती.

७ जुलै, मंगळवार. दुपारी ३.१५

फोन. एका मुलीचा आवाज, चांगला ठसकेबाज. अंकल, आय हिअर यू हॅव रूम, स्टिल हॅव ऑर नॉट? बोलण्याच्या ढंगावरून चिनी असावी. (खोडणे.) मागे गाड्यांचा आवाज, सार्वजनिक फोनवरून बोलत असावी. आपल्या खोलीची बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे.

आता तरण्या मुलीला, नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या, तोडून कसे बोलायचे? म्हणालो, हॅव. छान हवेशीर आहे, खिडकीतून झाड दिसते. तिने विचारले, एनी प्रॉब्लेम? देवघराचे, घंटेचे सांगायचे राहून गेले. म्हणालो, नो प्रॉब्लेम. कधीही येऊन पाहा.

ती थँक यू म्हणाली. थँक यू, अंकल. आवाज कुठे तरी ऐकल्यासारखा वाटला. ही सगळी मुले सारखीच बोलतात.

आली नाही.

१२ जुलै, रविवार

आज कस्तुरी यायची होती. तिकीट रद्द केल्याचे आशाला फोनवर कळले. तिला कळले म्हणजे तिने विचारले. मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही, उगाच त्यांच्या खासगी गोष्टीत नको.

ईशाने प्रतीकची पोस्टर्स परत लावलेली नाहीत. भिंतीवर चौकोन दिसतात.

२१ जुलै, मंगळवार

शाळांमध्ये आज रेशियल हार्मनी डे. मुलांनी आपापल्या वंशाचे कपडे घालून जायचे. मी पालक म्हणून भाषणाची तयारी दाखवली होती, विषय 'न पाहण्याची कला', चाळीस मिनिटे. शाळेने आधी दहा मिनिटे दिली, मग पाच, मग कळवले की पालकांनी खाद्यपदार्थ आणला तर आनंद होईल.

चिवडा नेला. गेटवरच्या गृहस्थांनी डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सांगितले की डिलिव्हरीचे दार मागच्या बाजूला आहे. मी पालक आहे हे सांगता आले असते. पण त्यांनी वंश पाहिला असे मी धरले तर मीही पाहिला असे होते. मागच्या दाराने गेलो. तिकडे सावली होती.

ईशा मैत्रिणींबरोबर उभी होती. साधा युनिफॉर्म. सगळ्या मुली साड्या, केबाया आणि चिनी झगे घालून आलेल्या. मी तिला खूण केली. तिने डबा घेतला. मैत्रिणीने मी कोण म्हणून विचारले असावे. ईशाने काय सांगितले ते ऐकू आले नाही.

घरी आल्यावर तिला विचारले, शाळेत काही झाले का, कोणी काही बोलले का? म्हणाली, नथिंग, बाबा.

हल्ली ती तक्रारी सांगत नाही. गेल्या वर्षी रोज काही तरी असायचे. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली, कोणी तेलाचा वास येतो म्हणाले. दर वेळी मी एकच सांगत होतो, बघू नकोस. आता सगळे थांबले आहे. पद्धत लागू पडली म्हणायची.

३१ जुलै, शुक्रवार

प्रसन्न परत गेला. कॉन्ट्रॅक्ट दीड वर्षाचे होते, अर्ध्यात सोडले. अमरावतीजवळ एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणार. पाण्यातले जड धातू इथल्या पाण्यातच राहिले.

विमानतळावरून आशाला फोन केला. ईशाशी बराच वेळ बोलला. मी हात पुढे केला तोवर ईशाने फोन ठेवला होता. पैसे संपले असावेत.

९ ऑगस्ट, रविवार

राष्ट्रीय दिन. खाली झेंडे लागलेत, आकाशात विमानांच्या फेऱ्या. दुपारी बर्फ काढायला गेलो. डोळे मिटून ट्रे काढला, ओट्यावर ठेवला, फ्रिजचे दार लोटले आणि मर्लायन खाली पडला. कागद पायाशी. उचलायचा तर पाहावे लागते.

अक्षर सुवाच्य. चौदा पत्ते. दुसऱ्या रकान्यात सासवा, नळ, रंग, पुतणे. तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी एकच नोंद, मूळ इंग्रजीत, स्टिल अव्हेलेबल.

पंधरावा पत्ता आमचा. ब्लॉक नंबर, आठवा मजला, फ्लॅट नंबर. दारात काय सांगितले: गॉड्स वॉल. फोनवर काय सांगितले: सात जुलै, तीन पंधरा, अंकल व्हेरी फ्रेंडली, सेज हॅज ट्री, नो प्रॉब्लेम. स्टिल अव्हेलेबल.

घरात कोणी नव्हते. पेन आणले. पंधराव्या ओळीत काही तरी तपशिलाची चूक असणार, ती दुरुस्त करावी म्हणून तीनदा वाचली. चूक सापडली नाही. कागद परत लावला, होता तसा. जरा खाली लागला होता, वर सरकवला.

बर्फ तोवर ओट्यावर विरघळून गेला.

१० ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०

पाटी घासायचा दिवस. घासली नाही. चिंच संपली, असे लिहायला वही उघडली होती.

बरणी समोर आहे. काठोकाठ भरलेली.